जुना ऑर्गन घरी आणलाय? आधी भाता विसरा

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचासमोर बसलेला ऑर्गनवाला, पायट्यांवर आळीपाळीने चालणारे त्याचे पाय आणि नांदीआधी थिएटरभर पसरलेला सूर. तो ऑर्गन, आपली पायपेटी आणि हातपेटी ही सगळी एकाच घरातली भावंडं. भात्यात हवा भरायची, ती रीडवरून जाऊ द्यायची, रीड थरथरली की सूर निघतो. हे गणित आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की ऑर्गन नावाच्या कुठल्याही वाद्यात आपण आधी भाता शोधतो.

मीही शोधला होता. अमेरिकेत शेजारच्या आजींच्या घरातून दोन मजली पट्ट्यांचा, कपाटाएवढा लाकडी ऑर्गन फुकट मिळाला. घरी आणून प्लग लावला आणि खालचं मोठं पायडल पंधरा मिनिटं इमानेइतबारे मारत बसलो. आवाज नाही. ते पायडल हवा भरायचं नव्हतंच, आवाज लहानमोठा करायचं होतं.

साधारण १९५० ते १९८० या काळात अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत हे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन मोठ्या हौसेने आले. हॅमंड, लाउरी, वुर्लिट्झर, बाल्डविन, कॉन, थॉमस, किंबल, आणि १९५९ पासून यामाहाचा इलेक्टोन. आता ती पिढी घरं आवरते आहे आणि ‘घेऊन जा, फुकट’ अशा पाट्या लागतात. तुम्ही शिकागोत असा, न्यू जर्सीत असा किंवा मुंबईच्या एखाद्या जुन्या बाजारात असं धूड बघून मोह आवरत नसेल, तर पुढे वाचा. क्रम मात्र मोडू नका, विशेषतः पहिल्या दोन पायऱ्यांचा.

त्याआधी एकच गोष्ट. या वाद्यांत सूर बहुधा पट्टी दाबल्यावर जन्माला येत नाही. बटण चालू केल्यापासून सगळे सूर आत एकाच वेळी वाजतच असतात आणि पट्टी ही नुसती तोटी असते. पाणी पाइपात आधीच आलेलं आहे, तुम्ही तोटी सोडता. काही ऑर्गनांत पट्टी दाबल्यावरच त्या सुराचा ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारं सर्किट, जागा होतो, पण घरगुती ऑर्गनांत हा अपवाद. खालचे बहुतेक गैरसमज ही तोटी लक्षात न घेतल्याने होतात.

पायरी १ : प्लग हातात ठेवा आणि मागून बघा

मागची फळी स्क्रू काढून उघडा. प्लग भिंतीत नसावा, तुमच्या डोळ्यांसमोर असावा. आत काय दिसतं यावर तुमचा ऑर्गन कोणत्या जातीचा ते ठरेल. कारण ‘जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन’ ही एक जात नाहीच.

विजेचा छोटा पंखा आणि प्लास्टिकच्या रीडचा खोका दिसला, तर गंमत आहे. हे वाद्य विजेवर चालतं पण इलेक्ट्रॉनिक नाही. मॅग्नसचे छोटे कॉर्ड ऑर्गन असेच. तुमच्या पायांचं काम पंखा करतो, बाकी सगळी पेटीच. इथे मात्र भाता शोधणारा माणूस बराचसा बरोबर ठरतो. याहून चक्रावणारा नमुना म्हणजे १९३० च्या दशकातला ऑर्गाट्रॉन, जो पुढे वुर्लिट्झरने घेतला. त्यात हवेने पितळी रीड थरथरते, पण ऐकू येतो तो रीडचा आवाज नव्हे. रीडच्या कंपनाने शेजारच्या धातूच्या तुकड्याबरोबरची विद्युत धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते, तो बदल मोठा करून स्पीकरला जातो.

लांबलचक पोलादी सांगाडा, त्यातून निघालेल्या तारांची रांग आणि शिवणयंत्राच्या तेलासारखा वास आला, तर तो टोनव्हीलवाला हॅमंड. लॉरेन्स हॅमंड हा घड्याळं बनवणारा माणूस. विजेच्या सायकलशी, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या तिच्या आवर्तनांशी, ताल धरून फिरणारी मोटर त्याने आधी घड्याळात वापरली, मग १९३५ साली बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये. त्या मोटरवर दात्यांच्या चक्त्या फिरतात, याच टोनव्हील. बी-३ या प्रसिद्ध मॉडेलमध्ये अशा ९१ चक्त्यांतून सूर मिळतात. प्रत्येकीसमोर चुंबकाची काडी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं. दाता जवळ आला, दूर गेला की वेटोळ्यात वीज हेलकावते. ते हेलकावे हाच सूर. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह या ऑर्गनात असतात, पण ते सूर बनवत नाहीत, फक्त मोठा करतात. ‘हॅमंडचा सूर व्हॉल्व्हमधून येतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रंग थोडा व्हॉल्व्हचा आहे, सूर लोखंडाचा आहे.

तिसरी मोठी जात ऑसिलेटर-डिव्हायडरची, म्हणजे वरचे सूर निम्मे करत खालचे सूर काढणारी. एकसारख्या बारा पट्ट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, ओळीने उभे दिसले की ओळखा. बारा म्हणजे सप्तकातले बारा सूर. १९७० च्या दशकातल्या ऑर्गनमध्ये ते बाराही गायब होऊन एकच बोर्ड आणि त्यावर एक चिप दिसते. तिच्याबद्दल पाचव्या पायरीत.

एक फसवी खूण सांगून ठेवतो. समोर ओढायच्या दांड्या, म्हणजे ड्रॉबार दिसले की लोक ‘हॅमंड, टोनव्हील’ म्हणून उड्या मारतात. हॅमंडने १९७५ च्या सुमाराला चक्त्या बंद केल्या, ड्रॉबार बंद केले नाहीत. मागे चक्त्यांचा सांगाडा नसेल तर समोरच्या दांड्या काहीही म्हणोत, तो टोनव्हील नाही.

पायरी २ : पत्र्याची पाटी वाचा

मागे किंवा तळाशी एक पाटी असते. व्होल्ट, वॅट आणि सायकल. अमेरिकन ऑर्गनवर ११७ व्होल्ट, ६० सायकल असं काहीसं लिहिलेलं असेल. परत येताना सामानाच्या कंटेनरमध्ये ऑर्गन टाकायचा बेत असेल तर इथे थांबा.

‘ट्रान्सफॉर्मर लावला की झालं’ हा इथला गैरसमज. ट्रान्सफॉर्मर आपले २३० व्होल्ट ११७ वर आणतो. सायकल तो बदलत नाही, ती ५० ची ५०च राहतात. ऑसिलेटरवाल्या ऑर्गनला याने सुरात काही फरक पडत नाही, कारण आत सगळं डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालतं. फिरता स्पीकर असला तर तो जरा हळू फिरेल, इतकंच. टोनव्हील हॅमंडचं मात्र घड्याळासारखं आहे. ६० सायकलवर त्याची मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते, ५० वर १०००. म्हणजे सगळे सूर सहाच्या जागी पाच. पांढरी सहा दाबाल तर ४४० ऐवजी साधारण ३६७ हर्ट्झ वाजेल, काळी तीनच्याही किंचित खाली. तबलजी येऊन बसला की कळेल. हॅमंडने ५० सायकलच्या देशांसाठी वेगळी यंत्रं बनवली होती, ती मिळाली तर उत्तम. नाहीतर ६० सायकलची शुद्ध साइन लाट देणारं साधन लागेल.

हाच मुद्दा उलटा केला की दुसरा गैरसमज गळून पडतो. ‘जुना हॅमंड आहे, सूर लावून घ्यावा लागेल’ असं विकणारा म्हणाला तर हसून घ्या. त्याचा सूर दातेरी चाकांच्या प्रमाणावर आणि वीजकेंद्राच्या सायकलवर ठरतो. पिळायला त्यात काही नाहीच.

आणि सुरक्षेचं. व्हॉल्व्हच्या ऑर्गनमध्ये ३०० व्होल्टांच्या आसपासचा डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर तो धरून बसू शकतात. आत हात घालायचं काम येत नसेल तर बघायचं, शिवायचं नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेला ऑर्गन पहिल्यांदा चालू करताना खोलीत थांबा. जळका वास किंवा जोरात घूंऽ आवाज आला तर लगेच प्लग काढा. तो आवाज बहुतेक वेळा वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा असतो. हे दुरुस्त होतं, पण जाणत्याकडून.

पायरी ३ : चालू करा, पण घाई करू नका

मोठ्या हॅमंडला दोन बटणं असतात, ‘स्टार्ट’ आणि ‘रन’. नवखा माणूस एकच दाबतो आणि मोटर बिघडली म्हणून फोन करतो. कारण सोपं आहे. सूर देणारी मोटर विजेच्या तालावर फिरत राहू शकते, थांबलेल्या अवस्थेतून स्वतः सुटू शकत नाही. बंद गाडीला धक्का मारणारी दुसरी मोटर लागते. म्हणून स्टार्ट आठेक सेकंद दाबून धरा, तो न सोडता रन लावा, आणखी चारेक सेकंद थांबा, मग स्टार्ट सोडा. हॅमंडच्या बऱ्याच लहान, म्हणजे स्पिनेट मॉडेलांत मोटर आपली आपण सुटते आणि एकच बटण असतं. व्हॉल्व्ह गरम व्हायला अर्धा मिनिट जाऊ द्या.

आता एक पट्टी दाबली आणि शांतता. बहुतेक ऑर्गन याच टप्प्यावर ‘बंद आहे’ म्हणून भंगारात जातात. पुढच्या चार गोष्टी तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

वरचे सगळे टॅब, म्हणजे आवाज निवडायच्या कळा, बंद असतील तर काही वाजणार नाही. पेटीला एक तरी स्टॉप ओढावा लागतो, तसंच हे. प्रत्येक पट्ट्यांच्या मजल्याचे टॅब वेगळे असतात, वरच्या मजल्याचा टॅब लावून खालची पट्टी दाबत बसू नका.

पायडल पुढे दाबा. काही ऑर्गनांत मागे असताना आवाज जवळजवळ शून्य होतो.

त्या पायडलच्या आत बघा. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक ऑर्गनांत तिथे छोटा दिवा आणि प्रकाशाने अवरोध बदलणारा सेल असतो. पायडल दाबलं की मधला पडदा सरकतो, उजेड वाढतो, आवाज वाढतो. किती हुशारीची गोष्ट, घासून खराब होणारं काही नाही! पण दिवा गेला की अख्खा ऑर्गन मुका. माझ्या त्या फुकटच्या ऑर्गनचा आजार हाच होता. दिवा काही रुपड्यांचा, आणि मी तोवर अँप्लिफायर उघडून बसलो होतो.

चौथी गोष्ट फक्त मोठ्या हॅमंडची. डावीकडच्या शेवटच्या बारा पट्ट्या उलट्या रंगाच्या असतात, जिथे पांढरं हवं तिथे काळं. त्या दाबल्या की खाली अडकून बसतात आणि सूर येत नाही. त्या बिघडलेल्या नाहीत, सुराच्याच नाहीत. ती आवाजाची तयार मिश्रणं निवडायची बटणं आहेत. ड्रॉबार ओढूनही फरक पडत नसेल तर त्यातली चुकीची पट्टी दाबलेली आहे. बी-३ मध्ये ‘पर्कशन’, म्हणजे सुराच्या सुरुवातीची ती टणक टिचकी, फक्त वरच्या मजल्याची बी (पांढरी सात) ही उलटी पट्टी दाबलेली असताना चालते. आणि पर्कशन चालू असताना नववा ड्रॉबार मुका होतो, कारण टिचकीने त्याच्या तारा उसन्या घेतलेल्या असतात. हेही ‘बिघाड’ म्हणून पैसे देऊन दुरुस्त करायला नेणारे लोक आहेत.

पायरी ४ : कोपर टेकवा

आवाज आला? मग एक रानटी प्रयोग करा. कोपरापासून मनगटापर्यंत हात पट्ट्यांवर आडवा टेकवा. सगळे सूर वाजतील.

१९७० साली आलेला मिनीमूग हा नावाजलेला सिंथेसायझर एका वेळी एकच सूर वाजवायचा, आणि हा आजीबाईंचा ऑर्गन वीस वाजवतो! म्हणून लोकांना वाटतं की ऑर्गन म्हणजे काहीतरी पुढारलेला सिंथ असावा. तसं नाही. मिनीमूगमध्ये मोजके ऑसिलेटर होते आणि दाबलेल्या पट्टीप्रमाणे ते आपला सूर बदलायचे. ऑर्गनमध्ये प्रत्येक सूर आधीच पाइपात आहे. तुम्ही किती तोट्या सोडता याची त्याला फिकीर नाही.

आता तीच पट्टी एकदा हळू, एकदा जोरात दाबा. फरक शून्य. पियानोवरून आलेले लोक याला दोष समजतात. तोटी हळू उघडा की जोरात, पाइपातलं पाणी तेच. पेटीवाल्याला हे पटकन कळतं, कारण पेटीतही पट्टीच्या जोराने काही होत नाही, भात्याने होतं. इथे भात्याची ती भावना पायडलकडे गेली. म्हणून पायडल एका जागी ठेवून वाजवू नका, उजवा पाय सतत जिवंत ठेवा.

सूर लागताना टक् असा बारीक आवाज आला तर तोही समजून घ्या. बी-३ मध्ये एकेका पट्टीखाली नऊ संपर्क असतात आणि ते अगदी एकाच क्षणी टेकत नाहीत. वाजत असलेली लाट मध्येच कुठेतरी पकडली जाते. हॅमंडच्या अभियंत्यांच्या लेखी तो दोष होता. जॅझवाल्यांनी त्याचा अलंकार केला आणि आजचे डिजिटल ऑर्गन तो मुद्दाम घालतात.

पायरी ५ : मुक्या सुरांचा नकाशा काढा

इथे जरा बसा, कारण खरी मजा इथे आहे आणि मिस्त्रीचे निम्मे पैसे इथेच वाचतात.

एक कागद घ्या. वर आडवे बारा सूर लिहा, पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंत, मधल्या काळ्या धरून. उभी सप्तकं. एकच टॅब लावा, शक्यतो ८ फुटी (हे फूट काय ते सहाव्या पायरीत). मग डावीकडून एकेक पट्टी दाबत जा आणि मुका, बेसूर, चिकटलेला अशी खूण करा. दोन्ही मजल्यांचे वेगळे कागद.

गैरसमज असा असतो की दहा पट्ट्या मुक्या म्हणजे दहा बिघाड. कागद पाहिला की चित्र वेगळंच निघतं. समजा फक्त काळी तीन मुकी आहे, पण मधल्या सप्तकापासून खालच्या सगळ्या सप्तकांत. हा एकच बिघाड आहे. का, ते सांगतो.

डिव्हायडर ऑर्गनमध्ये सगळ्यात वरच्या सप्तकाचे बारा सूरच खरे तयार होतात. खालची सप्तकं त्यांना निम्मं करून मिळतात. प्रत्येक टिचकीला उलटणारं, म्हणून दोन टिचक्यांत एकच पूर्ण फेरा करणारं सर्किट असतं, फ्लिप-फ्लॉप. त्यात ८८० हर्ट्झ घातले की ४४० बाहेर, ते पुढच्यात घातले की २२०. पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत, तिथून आणखी खाली. मधली एक टाकी फुटली की तिच्याखालच्या सगळ्या कोरड्या. म्हणून कागदावर उभी रांग रिकामी दिसली तर जिथून ती सुरू होते तो डिव्हायडर पकडा. हॅमंडनेच १९३९ साली नोव्हाकॉर्ड नावाच्या वाद्यात हीच युक्ती १६३ व्हॉल्व्ह वापरून केली होती. तेवढे व्हॉल्व्ह आणि त्यांची उष्णता! घरात परवडण्यासारखी ती झाली ट्रान्झिस्टरमुळे.

एकच सूर सगळ्या सप्तकांत बेसूर असेल तर त्या सुराचा वरचा ऑसिलेटर सरकलाय. बारांपैकी एक स्क्रू फिरवला की सगळी सप्तकं जागेवर येतात. ‘एवढ्या सगळ्या पट्ट्या लावायच्या?’ म्हणून घाबरू नका, लावायचे बाराच. मात्र ऑर्गन अर्धा तास गरम होऊ द्या, आधी लावलेला सूर नंतर सरकतो. कॉनच्या स्वतंत्र ऑसिलेटरवाल्या ऑर्गनचं वेगळं. तिथे प्रत्येक सूर आपापला लावावा लागतो, आणि त्यातल्या किंचित फरकामुळेच तो आवाज भरलेला वाटतो.

सत्तरच्या दशकातली ती चिप असेल तर बारा स्क्रूही नाहीत. साधारण २० लाख हर्ट्झचं एक घड्याळ चालतं आणि चिप त्याला २३९, २५३, २६८, २८४ अशा पूर्ण आकड्यांनी भागते. २८४ ने भागलं की सर्वांत वरची पांढरी सहा मिळते, जवळजवळ ७०४० हर्ट्झ. अशा ऑर्गनमध्ये एक सूर बेसूर होऊच शकत नाही. झाला तर सगळा ऑर्गन एकदम चढेल किंवा उतरेल. तसं झालं तर घड्याळाचं सर्किट, आणि काहीच वाजत नसेल तर घड्याळ किंवा ती चिप.

आता रांग उभी नसून एकच ठिपका आहे. खालच्या मजल्यावर तोच सूर वाजतो का? वाजत असेल तर सूर तयार होतोय, वरच्या मजल्यावरची तोटी बिघडली आहे, म्हणजे पट्टीखालचा संपर्क मळलाय. स्पिनेटमध्ये दोन्ही मजले अर्धवट एकमेकांवर सरकवलेले असतात आणि बऱ्याचदा प्रत्येकी ४४ पट्ट्या असतात, तेव्हा तोच सूर शोधायला जरा मोजावं लागेल. दुसरी युक्ती : ४ फुटी टॅब लावा आणि एक सप्तक खालची पट्टी दाबा. ४ फुटी टॅब एक सप्तक वरचा सूर देतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्या तोटीने त्याच टाकीतलं पाणी काढून बघताय.

न दाबता सतत वाजणारा सूर म्हणजे गळकी तोटी. आणि काहीही न दाबता लांबवर मधमाश्यांचं पोळं असल्यासारखी सगळ्या सुरांची कुजबुज ऐकू आली, तर घाबरू नका. ते पाइपातलं पाणी. थोडी गळती या जातीला जन्मजातच असते.

पायरी ६ : टॅबवरच्या नावांवर विश्वास ठेवू नका

‘फ्लूट ८ फूट’, ‘ट्रंपेट’, ‘व्हायोलिन’. आत ना आठ फुटांची नळी आहे, ना रेकॉर्ड केलेलं व्हायोलिन. फुटांचा हिशेब चर्चच्या नळ्यांच्या ऑर्गनमधून आला. तिथे सर्वांत खालच्या पांढरी एकसाठी सुमारे आठ फुटांची उघडी नळी लागते, निम्म्या लांबीची नळी एक सप्तक वर. घरगुती ऑर्गनने भाषा घेतली, नळ्या घेतल्या नाहीत.

वाद्यांची नावं म्हणजे गाळण्या. डिव्हायडरमधून येणारी लाट कर्कश असते, तिच्यात वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरातच मिसळलेले बारीक सूर, ठासून भरलेले. टॅब लावला की ती एका फिल्टरमधून जाते. जास्त गाळलं की बासरी, थोडं गाळलं की तंतुवाद्य, मधलाच पट्टा ठेवला की तुतारीसारखं काहीतरी. चौकोनी लाटेत फक्त विषम स्वरांश असतात, तसेच क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत प्रबळ असतात, म्हणून क्लॅरिनेट त्यातल्या त्यात पटतो. व्हायोलिन कधीच पटत नाही.

हॅमंडचा रस्ता उलटा. तो गाळत नाही, मिसळतो. नऊ ड्रॉबार म्हणजे नऊ शुद्ध सूर, प्रत्येक ० ते ८ इतका ओढायचा. पहिले तीन पूर्ण बाहेर आणि बाकी आत ठेवून सुरुवात करा, तो जाडसर जॅझचा आवाज लगेच ओळखू येईल. इथे आपल्या कानाच्या माणसाला एक खटक जाणवेल. सुराचा पाचवा स्वरांश निसर्गाने दिलेल्या गंधाराचा असतो. हॅमंड तो वेगळा बनवत नाही, जवळच्या चक्तीकडून उसना घेतो, आणि ती चक्ती समान अंतराच्या सप्तकातली. म्हणून तो गंधार सुमारे १४ सेंट चढा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तंबोऱ्यातला गंधार ऐकून वाढलेल्यांना हे टोचेल, पण ते हॅमंडच्या आवाजाचं अंग आहे.

आपला ऑर्गन महागड्या नळ्यांच्या ऑर्गनच्या तोडीचा आहे अशी जाहिरात हॅमंड कंपनी करायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९३८ साली ते दावे थांबवायला लावले.

पायरी ७ : फिरतं काय आणि वाजवतं कोण

लेस्ली स्पीकर, म्हणजे आवाज फिरवणारी पेटी, सोबत मिळाला तर नशीबवान आहात. तो हॅमंडचा भाग नाही. डॉन लेस्लीने तो वेगळा बनवला आणि लॉरेन्स हॅमंडला तो कधी आवडला नाही. त्यात स्पीकर फिरतो हाही गैरसमजच. मोठ्या लेस्लीत दोन्ही स्पीकर जागच्या जागी असतात. वरच्या आवाजासाठी एक कर्णा फिरतो (दिसतात दोन, पण एक मुका, नुसता तोल सांभाळायला) आणि खालच्या आवाजासाठी लाकडी ड्रम. वेग बदलायला वेळ लागतो, आणि तो वेळच ऐकायचा असतो.

तालाची बटणं असतील, वॉल्ट्झ, रुंबा, बोसा नोव्हा, तर आत टेप नाही. ट्रान्झिस्टरचा खरखराट आणि टणत्कार ठरावीक क्रमाने सोडले जातात. पुन्हा तोट्याच, फक्त त्या सर्किट उघडतं. १९७१ सालचा ऑप्टिगन हा अपवाद. त्यात खऱ्या वाद्यांचे आवाज पारदर्शक तबकडीवर प्रकाशाने वाचायच्या रेघांत भरलेले होते.

सर्किटने उघडलेल्या तोट्यांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ऐकायचं असेल तर १९७१ चं ‘द हू’ या बँडचं ‘बाबा ओ’रायली’ लावा. सुरुवातीची ती झरझर पडणारी सुरावट सिंथेसायझरची, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ती घरगुती लाउरी ऑर्गनची आहे. बँडच्या पीट टाउनशेंडने पट्ट्या धरून ठेवल्या आणि ऑर्गनमधल्या ‘मरिंबा रिपीट’ने त्या तोट्या भराभर उघडल्या-मिटल्या. नावातले ‘बाबा’ म्हणजे पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा, नगरजवळच्या मेहेराबादचे. दिवाणखान्यातल्या ज्या वाद्याला लोक आजीचं खेळणं म्हणतात, त्याचं टोक असं आपल्याकडे येऊन टेकतं.

पायरी ८ : तेल, मळ आणि काय करू नये

टोनव्हील हॅमंडला वर्षातून एकदा पातळ तेल लागतं. सांगाड्यावर ओतायच्या नळ्या किंवा वाट्या असतात, तिथून सुती धागे ते तेल बेअरिंगपर्यंत नेतात. हॅमंडसाठीच विकलं जाणारं तेल घ्या. जाड तेलाने धागे चोंदतात. आणि गंज काढायचा फवारा तर मुळीच नको, तो सैल करतो आणि मग गोंद होऊन बसतो. वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला ऑर्गन तेल घातल्या दिवशीच सुटेल असं नाही. धाग्यांना वेळ द्या, मोटर दामटू नका.

ऑसिलेटरवाल्या ऑर्गनला तेल कुठेही लागत नाही, फिरत्या स्पीकरची मोटर सोडून. तिथे शत्रू मळ. टॅबचे आणि पट्ट्यांचे संपर्क काळवंडतात. आधी काही न फवारता प्रत्येक टॅब पन्नास वेळा वरखाली करा, प्रत्येक मुकी पट्टी तितक्याच वेळा दाबा. निम्म्या खुणा कागदावरून पुसल्या जातील. उरलेल्यांना संपर्कासाठीचा क्लीनर, थेंबभर, काडीने. डबा उपडा करून फवारलात तर धूळ आणि क्लीनर मिळून जो चिखल होतो तो काढायला अख्खा कीबोर्ड उतरवावा लागतो.

पैशाचं एका ओळीत : बी-३ आणि त्याच्या भावंडांना किंमत आहे, बाकी बहुतेक स्पिनेट फुकटच घ्यावेत, आणि बी-३ बाक-पायपट्ट्यांसकट १८० किलोंच्या पुढे जातो हे जिन्याखाली उभं राहून आठवा.

सगळं झालं की ८ फुटी बासरीचा एक टॅब लावा. षड्ज आणि पंचमाच्या पट्ट्यांत कागदाची घडी खोचून दोन्ही दाबलेल्या ठेवा, पायडल अर्धं दाबा आणि खुर्ची मागे घ्या. इथला पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त दोन सेंट उतरलेला असतो, गायला चालतो. पेटीवर हा सूर भाता सोडला की काही क्षणांत विझला असता. इथे चहा करून या, तो तिथेच असेल.